सुभेदारणीची खुर्ची

आमच्या अवसरी बुद्रुकला माणूस एकदा मिलिटरीत गेला की तो फौजी होतो आणि विषय संपतो. तो शिपाई आहे, सुभेदार आहे की कर्नल आहे याच्याशी गावाला काही देणंघेणं नसतं. सुट्टीवर येताना त्यानं कँटीनमधून काय आणलं, एवढीच चौकशी. पण मला कोणी विचारलंच, की बाई, जवान, सुभेदार आणि ऑफिसर यांच्यात नेमका फरक काय, तर मी एका दमात सांगते. सतरंजी, खुर्ची आणि सोफा.

नोकरी आमच्या ह्यांनी केली, पण फौज मीही काढली. चोवीस वर्षं. तीही सतरंजीवर.

लग्न होऊन पहिल्यांदा क्वार्टरमध्ये राहायला गेले तेव्हा आमचे हे साधे शिपाई होते. तिसऱ्याच आठवड्यात निरोप आला, फॅमिली मीटिंग आहे. फौजेत बायकोला फॅमिली म्हणतात. एकटी असली, पोरबाळ नसलं, तरी फॅमिली. मी लग्नातली मोरपंखी साडी नेसून वेळेच्या आधी हॉलवर हजर. पुढे दोन-तीन सोफे, त्यांच्यामागे खुर्च्यांच्या दोन रांगा आणि त्यांच्यामागे भिंतीपर्यंत लांबच लांब सतरंजी. सतरंजीवर बायका बसल्या होत्या आणि खुर्च्या सगळ्या रिकाम्या. मला वाटलं, काय साध्या बायका आहेत. मी सरळ जाऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले.

थोड्या वेळानं एक भरल्या अंगाची बाई आली आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात परकी बाई दिसावी तशी माझ्याकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "बहनजी, ये कुर्सी जेसीओ की है."

मला वाटलं, जेसीओ नावाची कोणी बाई असेल, वाटेत असेल. मी म्हटलं, "आएगी तो उठूँगी."

सतरंजीवर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं हसत होती ती एक सडपातळ, सावळी, माझ्याच वयाची. तिनं मांडी आवरली, शेजारी हात थापटला आणि म्हणाली, "ये गं हिकडं. ती काय यायची न्हाई. ती बाईच न्हाई."

मराठी ऐकून मी उठलेच. तिच्या शेजारी बसले आणि तिनं कानात सांगितलं ते असं. जेसीओ म्हणजे सुभेदार लोक. जवानांतूनच वर चढून गेलेले, पण आता खुर्चीवर बसणारे. सोफ्यावर ऑफिसरच्या बायका, त्यांना मेमसाहेब म्हणायचं. आणि सतरंजीवर आपण.

"कुठली तू?" तिनं विचारलं.

"अवसरी. मंचरजवळ."

"मी जुन्नरची. मंजी शेजारीणच की गं!"

त्या दिवसापासून सगळ्या छावणीत ती जुन्नरवाली आणि मी मंचरवाली. गावाकडे आम्ही अशा भेटलो नसतो. तिच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, माझ्या घरात खंडोबाचा टाक, आणि आमच्या दोघींच्या वस्त्या कोणत्याही गावात दोन टोकांना. माझ्या सासरच्या पंक्तीला ती बसली असती का, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही आणि आता विचारायची लाज वाटते. सतरंजीवर मात्र आम्ही पहिल्या दिवसापासून मांडीला मांडी लावून बसलो.

सतरंजीचं राज्य वेगळंच होतं. पुढे मेमसाहेब 'टाकाऊतून टिकाऊ' यावर भाषण करायच्या. जुन्या मोज्यातून बाहुली कशी करावी, असं काहीबाही. जुन्नरवाली पुटपुटायची, "आमच्याकडं टाकाऊ व्हायला आदी टिकाऊ तर पायजे." मी पदर तोंडात कोंबायची. चहा यायचा तोही तीन तऱ्हांनी. सोफ्याला कपबशी, खुर्चीला नुसता कप, सतरंजीला कागदी ग्लास. पातेलं एकच, हे आम्ही दारातून वाकून खात्री करून घेतलं होतं. समोशांचा हिशेब मात्र उलटा. सोफ्यावरच्या बायका अर्धा समोसा शिष्टाचार म्हणून टाकायच्या, खुर्चीवरच्या एक खाऊन तोंड पुसायच्या आणि मागे परातच फिरायची, तिथे कोण मोजतंय? आम्ही दोन-दोन खायचो. एकदा तिनं चार खाल्ले आणि रात्री तिच्या मिस्टरांना सोड्याची बाटली शोधत क्वार्टर-क्वार्टर हिंडावं लागलं.

एवढं सुख असूनही माझ्या डोक्यातून ती खुर्ची जाईना. कारण त्या बाईनं मला उठवलं होतं. मी तशी मनात धरून ठेवणारी आहे. लग्नात कोणी मला मागच्या पंगतीला बसवलं, ते मला वीस वर्षांनीही आठवतं. मी ठरवलं, एक दिवस या खुर्चीवर हक्कानं बसायचं.

सुट्टीत घरी आले तेव्हा सासूबाईंना हा सगळा प्रकार समजावून सांगायचा प्रयत्न केला. ह्यांनी पुस्तकातली चित्रं दाखवली. दंडावर एक फीत म्हणजे लान्सनायक, दोन म्हणजे नायक, तीन म्हणजे हवालदार. मग फिती जातात आणि खांद्यावर चांदणी येते. एक चांदणी नायब सुभेदार, दोन चांदण्या सुभेदार.

सासूबाईंनी चष्मा पुसला. "आन् ह्यो कोण? ह्येलाबी दोनच चांदण्या."

"तो लेफ्टनंट. ऑफिसर. परीक्षा देऊन थेट वरनं येतो," हे म्हणाले.

"मंजी दोघं सारखंच."

"नाही. सुभेदाराच्या चांदण्यांखाली रंगीत पट्टी असते. ऑफिसरला पट्टी नसते."

"मग पट्टीवाला मोठा."

"पट्टीवाला लहान."

सासूबाई ह्यांच्याकडे बघतच राहिल्या. "ज्येला जास्त लावलंय त्यो लहान?"

"हो. पन्नाशीचा सुभेदार असला तरी बावीस वर्षांच्या लेफ्टनंटला तोच सॅल्यूट करणार."

"आन् काम कोनाला येतं?"

इथे ह्यांना हसू आलं. म्हणाले, नवा लेफ्टनंट साहेब पहिली दोन वर्षं प्रत्येक गोष्ट सुभेदाराला विचारतो. कसं विचारतो, तर 'साहब, कैसे करें?' म्हणून. तोही त्याला साहेब म्हणतो आणि जवानही साहेब म्हणतात. मधला माणूस सगळ्यांचाच साहेब.

सासूबाईंचा चेहरा उजळला. "मंग आसं सांग की. सुभेदार मंजी मुकादम. ऊसतोडीच्या टोळीत आसतो तसा. मजुरातलाच, पर मजुराला दटावतोबी त्योच आन् मालकाफुडं मजुराची बाजू घेतोबी त्योच."

इतक्या वर्षांत मला कोणी हे इतकं सोपं करून सांगितलेलं नाही. मात्र माझं मुकादमीण व्हायचं राहिलंच होतं.

जुन्नरवालीचे मिस्टर आणि आमचे हे एकाच दिवशी भरती झालेले, एकाच कंपनीत. त्यामुळे आम्ही चौघं सुट्टीवरही बरोबरच निघायचो. पुण्याला उतरायचं आणि तिथून नाशिककडे जाणारी एसटी. गाडी फलाटाला लागायच्या आत जुन्नरवाली पळत जाऊन खिडकीतून रुमाल टाकायची. तिचा नेम असा, की नेमका दोघींच्या सीटवर रुमाल पडायचा. नवरे सामान सांभाळत मागे उभे आणि आम्ही दोघी खिडकीशी. मी मंचरला उतरायची, ती पुढे कळंब ओलांडून नारायणगावला.

अशाच एका प्रवासात मी तिला माझ्या मनातली खुर्ची सांगितली. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. मांडीवरच्या रुमालाची घडी करत म्हणाली, "मंग आसं करू. दोघांचं प्रमोशन काय एकाच दिशी व्हायचं न्हाई. जिला आदी खुर्ची मिळंल, तिनं शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठिवायचा. दुसरी येस्तवर कुनाला बसू द्यायचं न्हाई."

"आणि कोणी भांडलं तर?"

"तू न्हाई का भांडायची? आएगी तो उठूँगी म्हनली व्हतीस की!"

असा आमचा करार झाला.

आमचे हे नायक झाले, यथावकाश हवालदार झाले. आता फक्त एक चांदणी राहिली आणि तिथेच ह्यांच्या रक्तात साखर निघाली. मेडिकलमध्ये बसल्याशिवाय पुढची बढती नाही. मी मोहीमच उघडली. घरातून साखर हद्दपार. सकाळी कारल्याचा रस, दुपारी मेथी, संध्याकाळी परत कारलं. परेडहून घरी येताना ह्यांचे पाय जड व्हायचे. एकदा मी ह्यांना जवानांच्या मेसच्या, म्हणजे लंगरच्या मागे उभ्यानं जिलबी खाताना पकडलं. समोर उभी राहून म्हटलं, "तुम्ही जिलबी नाही खात, माझी खुर्ची खाताय." हे बिचारे तोंड न पुसता म्हणाले, "अगं, अर्धीच खाल्ली."

त्या अर्ध्या जिलबीनं की आणखी कशानं, देव जाणे, ह्यांची चांदणी अडली ती अडलीच.

मधल्या काळात आमच्या बदल्या वेगवेगळ्या ठिकाणी झाल्या होत्या. जुन्नरवालीचे मिस्टर नायक असताना वर बर्फाच्या भागात होते. तिथे रस्त्यावरून गाडी घसरली आणि दरीत गेली, त्यात ते गेले. आम्ही देशाच्या दुसऱ्या टोकाला होतो. फोनवर कळलं तेव्हा मी कणीक मळत होते, ती तशीच वाळून गेली. ह्यांना रजा मिळाली नाही आणि मला एकटीनं निघायचं धाडस झालं नाही. हे मी कबूल करते, कारण यात मला कोणी अडवलं नव्हतं.

दोन महिन्यांनी मी तिच्याकडे गेले. ती जुन्नरजवळच्या तिच्या सासरच्या रानात टोमॅटो बांधत होती. झाडं सुतळीनं वरच्या तारेला बांधायची असतात, नाहीतर फळ जमिनीला टेकून नासतं. मला बघून ती हसली आणि तिनं माझ्या हातात सुतळीचा गुंडा दिला. आम्ही दोघींनी दोन सऱ्या बांधल्या. मी वाटेत सगळी वाक्यं पाठ केली होती. मी करप्यावर बोलले. यंदा करपा कसा लवकर पडला, कोणतं औषध मारलं, आमच्याकडे बटाट्यालाही कसा पडलाय. दोन तास करपा. निघताना तिनं पिशवीभर टोमॅटो दिले. जीपमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी तिच्या नवऱ्याचं नावसुद्धा काढलं नाही. मी मंचरपर्यंत स्वतःवर चिडत राहिले. पुढे फोन होत राहिले. तिच्या मुलीची शाळा, कॉलेज, माझी पोरं, तिचे गुडघे. ते एक बोलणं मात्र राहिलं ते राहिलंच.

आमचे हे हवालदार म्हणूनच रिटायर झाले. ट्रंकेत वर्दी, तिच्यावर डांबराच्या गोळ्या आणि अवसरीच्या वाटेवर आम्ही. मी खुर्चीचं नाव टाकून दिलं. निदान तसं सगळ्यांना सांगितलं तरी.

घरी येऊन आठ महिने झाले असतील. सव्वीस जानेवारीच्या सुमाराला हे कांद्याला पाणी देत होते आणि मोबाईलवर एक यादी आली. हे बांधावर उभे राहून दोन बोटांनी ती यादी मोठी करत होते. बराच वेळ मोठी केली. मग मला हाक मारली. त्यांना मानद नायब सुभेदार केलं होतं. चांगली नोकरी केलेल्या हवालदारांना रिटायर झाल्यावर असा हुद्दा देतात. ज्या खांद्यावर चांदणी यायची, त्या खांद्यावर त्या वेळी भोकाचं बनियन आणि फावडं होतं.

हे रडले. मी पण रडले, पण ह्यांच्यासाठी किती आणि खुर्चीसाठी किती, ते विचारू नका.

सासूबाई काठी टेकत बांधावर आल्या. "आता परत बलावत्याल का?"

"नाही हो. मानद आहे."

"मंजी?"

"म्हणजे मान आहे, काम नाही."

सासूबाई म्हणाल्या, "बरंच हाय की मंग. म्या ह्या घरात पंचावन्न वर्सं उलटं केलंया."

त्यानंतर दोन महिन्यांनी नारायणगावला एका मंगल कार्यालयात माजी सैनिकांचा मेळावा ठरला. निमंत्रण पत्रिकेत स्पष्ट लिहिलं होतं, बैठक व्यवस्था हुद्द्यानुसार. हे वाचून माणसं नाराज होतात. मी ती ओळ तीनदा वाचली. लगेच जुन्नरवालीला फोन लावला.

"येणार ना?"

"बलावलंय तर मलाबी. बगू."

"मी जागा धरते."

 "धर की."

आठवडाभर मी तयारी केली. ओट्यावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचा सराव केला. सुभेदारणी कशा बसायच्या ते मी चोवीस वर्षं मागून पाहिलं होतं. पाठ ताठ, पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात आणि मान किंचित वर. सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "पोटात दुकतंय का गं? ववा देऊ?"

मेळाव्याच्या दिवशी आम्ही मंचरहून जीप धरली. ह्यांनी कोट घातलेला आणि कोटावर मेडलं. जीपवाल्यानं चौथा माणूस आमच्या सीटवर कोंबला, मेडलं त्याच्या दंडाला टोचली. कळंबच्या पुढे टोमॅटोच्या क्रेटच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. मी पैठणी गुडघ्यापर्यंत गोळा करून बसले होते. पर्समध्ये एक लॅमिनेट केलेलं पत्र आणि एक पांढरा रुमाल.

कार्यालयाच्या दारात एक तरुण जवान यादी घेऊन उभा होता. यादीशिवाय तो श्वास घेत नसावा. बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे. दोन्हीकडे पुढे सोफे, मग पांढरे अभ्रे घातलेल्या खुर्च्या आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे पंगतीच्या सतरंज्या. त्यानं ह्यांचं नाव शोधलं आणि म्हणाला, "हवालदार. मागे बसा, काका."

आणि आमचे हे निघाले की मागे! चोवीस वर्षांची सवय. यादीत हवालदार म्हणजे हवालदार. मी कोटाची बाही धरून ह्यांना थांबवलं आणि पर्समधून लॅमिनेट काढलं.

"हे वाच. मोठ्यानं वाच."

जवान गोंधळला. त्यानं नोकरीत असलेल्या एका सुभेदाराला बोलावलं. त्या साहेबांनी पत्र वाचलं, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "राम राम, साहब."

हे मागे वळून पाहायला लागले, कोणत्या साहेबांना म्हणतायत ते. मागे कोणीच नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना. सुभेदारांनी पेन काढून यादीतला हवालदार खोडला आणि वर नायब सुभेदार लिहिलं. जवानानं ती दुरुस्ती नीट वाचून घेतली.

मी आत गेले आणि खुर्चीवर बसले.

आता खरं सांगायचं तर अभ्रा घसरत होता. मागे फितीची गाठ होती, ती पाठीत रुतत होती. पंखा सोफ्यांवर होता. चपला काढता येत नव्हत्या. पण मी पाठ ताठ ठेवली, पर्सवर हात ठेवले आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला. सतरंजीवरून हसण्याचा आवाज आला तेव्हा मान वळवायचा मोह मी आवरला.

एक वयस्कर सुभेदारीण आली. "इथे कोणी आहे का?"

"आहे. येतेय."

"कोण?"

"माझी मैत्रीण."

"तिचे मिस्टर?"

 मी म्हटलं, "सुभेदार आहेत."

तोंडातून निघून गेलं. एकाच दिवशी भरती झालेले दोघं. एक झाले, तर दुसरेही झालेच असते. बाईनं रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पलीकडे जाऊन बसली. खुर्च्या भरत आल्या तरी मी रुमालावरची नजर हलवली नाही. तिघींना परत पाठवलं.

मग माईकवर सांगितलं, वीरनारींचं आगमन होत आहे, सर्वांनी उभं राहावं. सगळे उभे राहिले. सोफ्यावरच्या मेमसाहेबही उभ्या राहिल्या, डावीकडे कर्नल साहेब उभे राहिले. आणि एका मेमसाहेबांचा हात धरून जुन्नरवाली आत आली.

साधी फिकट निळी साडी. गुडघ्यामुळे डाव्या पायावर जरा झुकत चालणारी. तिला पार पुढे नेलं आणि सोफ्यावर बसवलं.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला हेवा वाटला. मी चोवीस वर्षं घालवून, कारल्याचा रस काढून खुर्चीवर पोचले आणि ही माझ्या पुढे सोफ्यावर. शेजारची सुभेदारीण म्हणाली, "बघा, काय मान आहे." मी म्हटलं, "हो."

तेवढ्यात सगळे बसले आणि मला तो सोफा नीट दिसला. कार्यालयातलाच होता, नवरा-नवरीचा. लाल मखमल आणि सोनेरी हात. दोघांनी बसायचा. ती एका कडेला अंग चोरून बसली होती, बँकेत साहेबाच्या केबिनमध्ये बसावं तशी, आणि दुसरी बाजू रिकामी होती. मी आयुष्यात इतक्या वेळा स्वतःला मूर्ख म्हटलं आहे, पण त्या क्षणाइतकं मनापासून कधीच नाही. हा मान तिला कशाबद्दल मिळाला, हे मला आठवायला तो रिकामा अर्धा सोफा दिसावा लागला.

शाल, श्रीफळ, टाळ्या झाल्या. तिनं नमस्कार केला. मग चहाची वेळ झाली आणि ती उठली. मला वाटलं, बाथरूमला जात असेल. ती मधल्या वाटेनं सरळ मागे आली, शाल काखेत मारून. रांगेतल्या बायकांचे गुडघे बाजूला सारत माझ्यापर्यंत पोचली. रुमाल उचलला, त्याची घडी केली, कमरेला खोचला आणि बसली.

यादीवाला जवान धावत आला. "मॅडम, आपली जागा पुढे आहे. सोफ्यावर."

"म्हाईत हाय, बाबा," ती म्हणाली. "पर हितं माझी जागा धरलीया."

"पण ही रांग जेसीओंची आहे. यादीत..."

पलीकडची सुभेदारीण मदतीला धावली. "अहो, त्यांचे मिस्टर सुभेदार आहेत. या ताईंनी मघाशी सांगितलं ना."

मी जमिनीकडे पाहिलं. जुन्नरवालीनं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगून ठेवलंय ते तिला कळलं. चार समोसे खाल्लेल्या रात्रीपासून तिला माझं सगळं कळत आलंय. तिनं माझा हात तिच्या मांडीवर ओढून घेतला आणि त्या पोराला म्हणाली, "व्हय. सुभेदार हायेत."

त्यानं यादी चाळली. तिच्या मिस्टरांचं नाव त्याला वीरनारींच्या पानावर सापडलं, पुढे नायक. तो अडखळला. मग मघाशी त्याच्या साहेबांनी केलं होतं तसंच त्यानं केलं. पेन काढलं, नायक खोडलं आणि वर नीट अक्षरात सुभेदार लिहिलं. काही विचारलं नाही. आमच्यासाठी चहाला सांगायला निघून गेला.

"त्यांची फार आठवण येते गं," मी म्हटलं. मी ते बोलायला इतकी वर्षं लावली होती. "तुझ्या मिस्टरांची. मी तेव्हा आले आणि करप्यावर बोलत बसले."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "लई बोललीस करप्यावर. म्या सासूला म्हनलं, मंचरवालीला टोमॅटोतलं काय बी कळत न्हाई." आणि तिनं डोळे पुसले, आमच्याच रुमालानं.

कपातून चहा आला. दोघींना एक-एक समोसा. ती बशीकडे बघत म्हणाली, "येवढंच? सतरंजीच बरी व्हती की गं."

आम्ही दोघींनी खुर्चीखाली चपला काढल्या. ती यादी पुढे कोणत्या फायलीत गेली मला माहीत नाही. जिथे असेल तिथे, तिच्यात तिचे मिस्टर सुभेदार आहेत.